बाकीची दाढी उद्या

समस्त खानदेशवासीयांस, विशेषतः ज्यांच्या गालांवर केस उगवतात अशा सर्व पुरुषमंडळींस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, धुळे शहरात पांझरेच्या अलीकडच्या एका गल्लीत, दोन खुर्च्या आणि दीड आरसा असलेल्या एका सलूनमध्ये, काही निवडक गिऱ्हाइकांची दाढी मुद्दाम अर्धी सोडण्यात येते. हे कृत्य नजरचुकीने होत नाही. करणारा इसम साठीचा, सडपातळ आणि पाच वेळा नमाज पढणारा असून त्याचा हात आजवर एकदाही घसरलेला नाही. तरी सदर इसमाविरुद्ध कोणीही तक्रार करू नये. केल्यास प्रस्तुत लेखक अर्धी मिशी उतरवून पोलीस ठाण्यासमोर उपोषणाला बसेल.

घोषणा संपली. आता खुर्ची जवळ ओढा.

मी जळगावचा. शाळेत शिकवतो, स्नेहसंमेलनात नाटकं बसवतो आणि मे महिन्यात, दिवाळीत मोकळा झालो की धुळ्याला अक्काकडे जातो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे दाजी, वीज कंपनीत वायरमन होते. मी धुळ्यात पाऊल ठेवलं की पहिलं काम ठरलेलं: दाजींबरोबर त्या सलूनमध्ये जाऊन दाढी करायची. सलूनवाल्याला अख्खी गल्ली चाचा म्हणते, दाजीही म्हणतात. दोघांचं वय सारखंच, पण दाजी म्हणायचे, "ज्याच्या हातात वस्तरा, तो मोठा."

चाचाच्या जिभेला तीन खिसे आहेत. मोहल्ल्यातल्या माणसाशी हिंदी, कोर्टकचेरीतल्या माणसाशी शाळेतली मराठी आणि खेड्यावरून आलेल्याशी इतकी चोख अहिराणी की समोरचा विचारतो, "तुमनं गाव कोनतं?" आणि त्या दुकानाची एक खोड मला काही वर्षांपासून ठाऊक होती. तिथली लाईट जायची. दुकान बोळासारखं खोल. लाईट गेली की आरशात स्वतःचं नाकसुद्धा दिसत नाही. अधूनमधून कोणाची तरी दाढी निम्मी झालेली असताना पंखा थांबायचा, अंधार पडायचा आणि चाचा वस्तरा मिटून म्हणायचा, "बाकीनी सकाय." आमच्या अहिराणीत सकाय म्हणजे उद्या. बाकीची उद्या.

मी खदाखदा हसायचो. अर्ध्या गालावर साबण घेऊन घरी जाणारा माणूस हे माझ्या लेखी जगातलं सर्वोत्तम फुकटचं नाटक होतं. दाजी मात्र हसायचे नाहीत. त्यांना तो आपल्या वायरमनकीचा अपमान वाटायचा. ते ताडकन उठायचे, गळ्यात कापड तसंच, दारात जाऊन समोरच्या टेलरचा पंखा बघायचे. तो फिरत असायचा. मग चाचाकडे वळून म्हणायचे, "तुझ्या दुकानातच फॉल्ट आहे. उद्या पक्कड घेऊन येतो, अर्ध्या तासात काढून देतो."

"राहू दे, भाऊ," चाचा म्हणायचा. "फॉल्ट पुराना है. उसकी आदत हो गई."

फॉल्ट म्हणजे काउंटरखालचं एक बटण होतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्या बटणाची गोष्ट आधी सांगतो. चाचाने ती मला, ज्या मे महिन्याबद्दल मी सांगणार आहे त्याच्यानंतर, दोन खुर्च्यांमधल्या लाकडी स्टुलावर बसून सांगितली.

फार वर्षांपूर्वी त्याच्या मोहल्ल्यातला एक यंत्रमाग कामगार सकाळी दाढीला आला. नेहमी कोपऱ्यात मुकाट बसणारा माणूस त्या दिवशी हसून बोलला. म्हणाला, "चाचा, आज मस्त कर." चाचाने मस्त केली. तुरटी फिरवली, मान चोळून दिली, जाताना त्या माणसाने चाचाचा हात हातात धरला, जरा जास्तच वेळ. संध्याकाळी तो गेल्याची बातमी आली. मोहल्ल्यात कोणी उघड बोललं नाही. हार्टचं होतं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. चाचा मला म्हणाला, "मास्तर, आखरी बार उसको मैंने छुआ था. मेरे हाथ को समझना चाहिए था."

चाचाची मुलगी नर्सिंग शिकलेली. तिने बापाची ती खंत वर्षानुवर्षं ऐकली होती. एक दिवस तिने मोबाईलवर त्याला एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतला. कृष्णवर्णीय लोकांच्या वस्तीतलं सलून, तीन खुर्च्या, गप्पा, मोठमोठ्याने हसणं, आणि कात्री चालवता चालवता गिऱ्हाइकाला हळूच विचारणारा नाभिक: झोप लागते का? जगणं नकोसं वाटतंय का? मुलीने समजावून सांगितलं. तिथल्या त्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या दवाखान्यात नीट वागणूक मिळाली नाही, म्हणून दवाखान्यावर विश्वास नाही. पुरुषाने रडायचं नाही ही लहानपणापासूनची शिकवण. दुःख झालं की प्रार्थना कर, घरातली गोष्ट घरात ठेव. असा माणूस डॉक्टरकडे जात नाही, पण दर पंधरा दिवसांनी केस कापायला मात्र येतोच. म्हणून तिथल्या नाभिकांनीच शिकून घेतलं, कसं ऐकायचं, काय विचारायचं आणि पुढे कोणाकडे न्यायचं.

चाचाने तो व्हिडिओ लागोपाठ चारदा पाहिला. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. चौथ्यांदा पाहून म्हणाला, "नाम बदल दो, तो अपनीच गल्ली है."

मग मुलीच्या ओळखीने सरकारी दवाखान्यातल्या मनोविकारांच्या डॉक्टरबाई एका सोमवारी, सलूनच्या सुट्टीच्या दिवशी, दुकानात आल्या. चाचाने शहरातले बारा-तेरा नाभिक बोलावले होते, हिंदू-मुसलमान दोन्ही. आले पाच. त्यातले दोघं नाश्त्यासाठी. एक म्हणाला, "आम्ही डोकं वरून बघतो, बाई, आतलं तुम्ही बघा." बाई हसल्या आणि म्हणाल्या, आतलं बघायला माझ्यापर्यंत कोणी पोचतच नाही, तुमच्याकडे मात्र आपणहून मान वाकवतात. त्यांनी शिकवलं ते थोडकं होतं. आवडत्या वस्तू वाटून टाकणारा, फार दिवस खचलेला आणि एकाएकी शांत झालेला, कशातच रस न उरलेला माणूस ओळखा. त्याला सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट ओझं हलकं होतं. त्याला एकटं सोडू नका. आणि वेळ काढा. ती तीव्र घडी पुष्कळदा ओसरते.

या शेवटच्या वाक्यातून चाचाने बटण शोधून काढलं. हा शोध अमेरिकेतला नाही, बाईंचाही नाही. अस्सल धुळ्याचा आहे. चाचाचं म्हणणं असं की खानदेशी माणूस उपाशी राहील, उन्हात उभा राहील, पण अर्ध्या दाढीने चार लोकांत जाणार नाही. तो घरी जाईल. घरचे हसतील, विचारतील, बोलतील. आणि दुसऱ्या दिवशी उरलेली करायला तो परत येईलच. चाचा त्याला खुर्चीत बसवून विचारायचं ते सगळं विचारी आणि मागच्या खोलीतून मुलीला किंवा बाईंना फोन करी. दाढी म्हणजे फक्त दोरीचं टोक. दुसरं टोक चाचाच्या हातात.

आता त्या मे महिन्याकडे येतो.

मी धुळ्याला पोचलो तेव्हा अक्काने खापरावरचे मांडे केले होते, आंब्याचा रस होता. दाजी म्हणजे चार मांड्यांचा माणूस. त्या दिवशी त्यांनी एक मोडला आणि त्याचे तुकडे ताटात फिरवत बसले. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला, नोकरी चांगली, सून चांगली. घर स्वतःचं. तब्येत ठणठणीत. मी स्वयंपाकघरात अक्काला विचारलं, "काय झालंय ह्यांना? कारण काय?"

"कारण असतं तर मी त्याला झाडूने हाकललं नसतं का," अक्का म्हणाली. "तीन आठवडे दाढी नाही. पहाटे तीनला उठून बसतात. विचारलं की म्हणतात, काही नाही. तू त्यांना चाचाकडे घेऊन जा, निदान माणसात आण."

निघताना दाजींनी मला खोलीत बोलावलं. कपाटातून पक्कड काढली. ती पक्कड मी ओळखून होतो. पिवळ्या मुठीची, पस्तीस वर्षांची, मुठीवर त्यांच्या तळव्याचा आकार उमटलेला. मुलाला कधी हात लावू दिला नव्हता. मी एकदा तिने सुपारी फोडली तर माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

"ठेव तुला," ते म्हणाले. शांतपणे. चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसूही होतं.

आणि मी काय केलं? मी खूश झालो. मेडल मिळाल्यासारखी ती पँटच्या खिशात खोचली. इतकी नाटकं बसवली मी आयुष्यात, पण त्या दिवशी समोर काय चाललंय ते मला कळलं नाही.

सलूनमध्ये बाकावर दोघं वाट बघत होते. दाजी खुर्चीत बसले. चाचाने साबण फेसला, उजवा गाल करायला घेतला. मी आपला उत्साहात. खिशातून पक्कड काढून आरशासमोर नाचवली. "चाचा, बघ! दाजींनी मला दिली. इस्टेट माझ्या नावावर!"

वस्तरा थांबला.

चाचाने आरशातून दाजींकडे पाहिलं. अगदी सहज, अहिराणीत विचारलं, "काब्र दिधी, भाऊ?" का दिलीत?

"आते माले काय कामनी ती?" दाजी म्हणाले. आता मला काय कामाची.

चाचाने उजवा गाल पूर्ण केला. सावकाश, नेहमीपेक्षा सावकाश. मग फडकं उचलायला वाकल्यासारखा वाकला आणि पंखा थांबला. अंधार.

"लाईट गई," तो म्हणाला. "बाकीनी सकाय."

मी हसायला तोंड उघडलं, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दाजी उठले नव्हते. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं नाही, समोरच्या टेलरकडे पाहिलं नाही. पस्तीस वर्षं ज्या माणसाने लग्नाच्या पंगतीतसुद्धा दिवा मिणमिणला तर घास खाली ठेवला, तो माणूस अंधारात तसाच बसून होता.

चाचाने त्या क्षणी विचारायला हवं होतं. त्याला ते ठाऊक होतं. पण आमच्याकडचं नातं आडवं आलं. दाजी म्हणजे घरचे जावई. जावयाला त्याच्या मेव्हण्यासमोर, वर बाकावरच्या दोन परक्यांसमोर, असला प्रश्न कसा विचारायचा? माणसाची लाज जाईल. म्हणून चाचाने मला दूर करायचं ठरवलं. "मास्तर, तीन चहा सांगून या. तिथेच थांबा, गरम आणा." आणि मी बाहेर पडताच तो बाईंना फोन लावायला मागच्या खोलीत गेला. दोन मिनिटं. माणसाला एकटं सोडू नका, हे शिकलेल्या माणसाने दोन मिनिटं सोडलं.

मी चहा घेऊन आलो. खुर्ची रिकामी. बाकावरचा एक जण म्हणाला, "ते गेले ना. रुमाल बांधला आणि गेले."

रुमाल! चाचाच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. इतक्या वर्षांत त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं, कारण आजवरच्या अर्ध्या दाढ्या हिवाळ्यात नाहीतर पावसाळ्यात झाल्या होत्या. मे महिन्यात धुळ्यात दुपारी अकरानंतर कोणाला तोंड असतं का? सगळं शहर डोळ्यांपुरतं उरतं. अर्धी दाढी काय, अख्खं डोकं नसलं तरी पांढऱ्या रुमालाखाली कोणाला कळणार नाही.

आम्ही धावलो. चाचा चपलेशिवाय. रस्त्यावर जिकडे बघावं तिकडे रुमालच रुमाल: सायकलवर, गाडीवर, टपरीच्या सावलीत. मी गळा फाडून ओरडलो, "दाजी!" खानदेशात रस्त्यावर उभं राहून दाजी म्हणून ओरडण्यासारखा मूर्खपणा नाही. पाच रुमाल वळले. एकाने तर विचारलं, "काय म्हणते ताई?" एका पांढऱ्या रुमालाचा खांदा धरून मी त्याला फिरवलं, तर आत जाड काचांचा चष्मा लावलेले कोणी मौलवी निघाले. त्यांनी मला पाणी पाजलं. मला ती माणसं आठवतात तेव्हा आज हसू येतं. तेव्हा मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात कोंबून पुढे पळालो.

चाचा ओरडत नव्हता. तो माणसांच्या पाठीमागून चालत होता. कोणाच्याही समोर जात नव्हता. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. तो म्हणाला, "मास्तर, मूंह मत देखो. मूंह ढका है. गर्दन खुली है."

तीस वर्षं तो धुळ्याच्या माना वाचत आला होता. कोणाचा केसांचा भोवरा कुठे, कोणाच्या मानेवर घडी कशी पडते, कोणाचा उजवा कान किंचित खाली. आम्ही तोंडांनी ओळखतो ते शहर त्याला मागून पाठ होतं.

बसस्टँडवर, पारोळ्याच्या गाड्या लागतात त्या फलाटाशी, एका बाकावर सात-आठ रुमाल पाठमोरे बसले होते. चाचा मागून चालत गेला. पहिली मान, दुसरी, तिसरी. पाचव्या मानेशी थांबला. हाक मारली नाही. केस कापून झाल्यावर तो जसा हात ठेवतो, तसा तळहात त्या मानेवर ठेवला. मानेने तो हात ओळखला. खांदे खाली आले.

दाजी कुठे निघाले होते आणि तिथे काय करणार होते, ते त्यांनी नंतर सांगितलं. ते आम्हा तिघांत आणि डॉक्टरबाईंत राहील.

चाचा त्यांच्या शेजारी बसला. मी धापा टाकत मागे उभा. आणि मग, भर फलाटावर, मेव्हण्यासमोर, अनोळखी रुमालांसमोर, ज्या लाजेपायी दोन मिनिटं गेली होती ती बाजूला ठेवून चाचाने विचारलं, "भाऊ, मरानं मनमा शे का?"

मरायचं मनात आहे का.

एक गाडी लागली, माणसं चढली, गाडी सुटली.

"शे," ते म्हणाले.

मी पुढे सरसावलो. अक्काचा विचार करा, मुलाचा विचार करा, कसली कमी आहे तुम्हाला, असं सगळं तोंडात गोळा झालं होतं. चाचाने न बघता हात वर केला.

"मास्तर," तो म्हणाला, "चहा."

तासाभरात दुसऱ्यांदा मला चहाला पाठवण्यात आलं, आणि आयुष्यात मला मिळालेल्या भूमिकांत तीच सगळ्यात योग्य होती. मी टपरीवर उभा राहून दुरून बघत होतो. चाचा बोलत नव्हता. दाजी बोलत होते. रुमालातून, मान खाली घालून, तुटक तुटक. आमच्या घरात दोन वर्षांत ते इतकं बोलले नसतील. चाचा फक्त मान हलवत होता आणि त्याचा हात दाजींच्या मानेवरून निघाला नव्हता.

मी चहा आणला. चहा प्यायला रुमाल सोडावाच लागतो. दाजींनी रुमाल सोडला.

उजवा गाल चकाकता, डावीकडे तीन आठवड्यांचं पांढरं रान, त्यावर वाळलेल्या साबणाचे पापुद्रे. शेजारी गोणपाटावर बसलेली एक म्हातारी दचकली. "ओ माय! आबा, तोंडले हाई काय व्हयनं?"

दाजींनी गालावरून हात फिरवला. एकदा गुळगुळीत बाजूवरून, एकदा खरखरीत. मग अत्यंत गंभीरपणे तिला सांगितलं,

"लाईट गयी."

चाचा आधी हसला. मग त्याला रडू आलं. मग तो हसत हसत रडत राहिला आणि दाजी त्याची पाठ थोपटू लागले. म्हातारीने मला विचारलं, यातला आजारी कोणता. मी म्हटलं, आजी, आज आम्ही तिघंही.

तिथूनच रिक्षाने बाईंकडे गेलो. मनोविकारांच्या ओपीडीच्या पाटीखाली बसताना मी रुमाल तोंडावर ओढला, ओळखीचं कोणी भेटेल म्हणून. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरं आहे. चाचाने तो ओढून काढला. "जिसकी आधी दाढी है वो खुला बैठा है," तो म्हणाला, "और तुम?"

बाईंनी दाजींशी तासभर बोलून मग अक्काला फोन करून बोलावलं. अक्का आली तेव्हा तिने एकच गोष्ट सांगितली, की गेले दहा दिवस ती दाराला आडवी झोपत होती. कोणाला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तू काय म्हणाला असतास? कारण काय, हेच ना?"

कारण नसतानाही हा आजार होतो, हे बाईंनी आम्हाला समजावलं. गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, तोवर घरातल्या काही वस्तू कुलपात, आणि रोज कोणीतरी यांना प्रत्यक्ष बघायला हवं. चाचाला त्या जरा रागावल्या. बटण ठीक आहे, म्हणाल्या, पण विचारायचं आधी आणि बटण नंतर. आणि फोन करायला आत जायचं नाही, माणसासमोरच करायचा. चाचाने शाळकरी पोरासारखं ऐकून घेतलं. मग विचारलं, "रोज बघायचं ना? एवढंच ना?"

आणि त्याने जे केलं त्यासाठी मी ही अख्खी घोषणा लिहिली.

दाजींची ती दाढी चाचाने त्या दिवशी पूर्ण केली नाही. दुसऱ्या दिवशी केली, पण डाव्या कल्ल्याची दोन बोटं ठेवली. "बाकीनी सकाय." तिसऱ्या दिवशी कल्ला केला, मिशीचं एक टोक ठेवलं. मग कानातले केस, एका दिवशी एक कान. मग मान. मग नवीन दाढी आलेलीच असायची. पूर्ण अशी ती कधी झालीच नाही. वाईट दिवस होते. अक्का सांगायची, काही सकाळी ते उठायचेच नाहीत, दहा वाजले की चाचा वस्तरा-वाटी घेऊन स्वतः घरी यायचा, दारातून ओरडायचा, "भाऊ, काल का हिसाब बाकी है!" आणि पलंगावरच एक गाल करून जायचा. गोळ्या होत्या, बाई होत्या, अक्का होती, मुलगा दर शनिवारी यायला लागला होता. पण रोज सकाळी दाजींना उद्याचं काहीतरी उरलेलं असायचं, ते चाचामुळे. अर्धं गाव त्यांना अर्धवट दाढीत बघून गेलं आणि त्यांनी रुमाल बांधला नाही. कोणी विचारलं तर सांगायचे, डोक्याच्या डॉक्टरांकडे जातो, गोळ्या चालू आहेत, तुला कधी लागल्या तर पत्ता देतो. दोन जण पत्ता घेऊन गेलेही.

कानबाईच्या सणाला मी परत धुळ्याला गेलो. श्रावणातला शनिवार, दुसऱ्या दिवशी घरोघरी कानबाई बसणार, त्यामुळे सलूनमध्ये उभं राहायला जागा नव्हती. सगळ्यांनाच बठ्ठी, म्हणजे सगळीच्या सगळी दाढी करून देवीसमोर गुळगुळीत व्हायचं होतं. दाजी खुर्चीत. उजवा गाल झालेला. अंगावर थोडं मांस आलं होतं. मी खिशात पक्कड घेऊन गेलो होतो, पण ती कशी द्यायची ते सुचत नव्हतं. तीन महिने ती माझ्या कपाटात होती आणि मला रात्री तिची भीती वाटायची.

चाचा फडकं उचलायला वाकला. पंखा थांबला. अंधार.

सवयीप्रमाणे बाकावरचे हसले. मी हसलो नाही. मी दाजींकडे बघत होतो.

दाजींनी वर पाहिलं. पंख्याकडे. मग ताडकन उठले, गळ्यात कापड, एका गालावर साबण, आणि गर्दीतून वाट काढत दारात गेले. समोर टेलरचा पंखा फिरत होता. ते वळले. चाचाकडे बघितलं, मग काउंटरकडे, मग काउंटरच्या खाली. पस्तीस वर्षांच्या वायरमनने एका नजरेत वायर कुठून कुठे गेलीय ते पाहिलं. माझ्याकडे न बघताच हात पुढे केला.

"मनी पक्कड दे." माझी पक्कड.

मी दिली. त्यांनी मूठ आवळली, तळवा आपल्या जागी बसला. वाकून त्यांनी ते बटण निरखलं. मला वाटलं, आता हे तोडणार. त्यांनी फक्त त्याचा सैल झालेला स्क्रू पक्का केला, बटण दाबलं, पंखा फिरला, उजेड आला. पक्कड मागच्या खिशात खोचून ते खुर्चीत येऊन बसले आणि मान मागे टाकली.

"भाऊ..." चाचा काहीतरी सांगायला लागला. आणि दाजी, ज्यांचा आवाज गेलं वर्षभर घरातल्या घरात ऐकू येत नव्हता, ते समोरच्या टेलरलाही ऐकू जाईल अशा आवाजात गरजले,

"आज बठ्ठी दाढी करी टाक, चाचा! मी सकाय बी येसू!"